एका नंबरावर बारा नावं

“घ्या वं बायायनो, मेथी घ्या! दव सुकलं नाई तिचं!”

मंजुळाकाकूची ही हाळी मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. डोक्यावर टोपलं, आवाजाला ओवीची चाल. ‘दव’ असं लांबवायची की ऐकणाऱ्याचे पाय ओले व्हावेत. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदपासून सहा किलोमीटरवरच्या आमच्या गावात सकाळ तिच्या मागून यायची.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलात ती हाळी बंद झाली. ताप घरोघर फिरत होता. शाळेत तपासणीचं पथक आलं, आरोग्य खात्याच्या आशाताई कलाबाई वहीत लिहायला मोबाईल नंबर मागू लागल्या. कुणाकडं फोन नाही, कुणाला मेसेज वाचता येईना. काकूचा मुलगा प्रज्वल मळ्यात पाणी देत होता. मग गल्लीतल्या बारा जणांनी माझाच नंबर सांगितला.

“समीक्षा सायन्सले हाय. तिले समजते,” काकू म्हणाली आणि खोकली.

मंगळवारी दुपारी बारा मेसेज आले. अकरा निगेटिव्ह. बारावा काकूचा, पॉझिटिव्ह.

त्याच सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता: कोविड सेंटरला नेलेला माणूस परत येत नाही. खाली कुणी लिहिलेलं, खोटं आहे. त्याखाली दुसऱ्यानं, माझ्या मामाला नेलं, मला विचार. त्याखाली तिसऱ्यानं, रिपोर्टच चुकीचे येतात. मी तासभर शोधत बसले. जितकं वाचलं तितकं धुकं दाटलं. काकूला गाडीत घालून नेतील, आणि नेणारा मेसेज माझा असेल. ठरवलं, खात्री झाली की सांगू; तोवर बाकी अकरांचेही नाही.

प्रज्वल दारात आला. “आला का वं रिपोर्ट?”

“नाई अजून.”

एकदा बोललं की ते शब्द परत घेणं जड जातं. बुधवारी तो हसत म्हणाला, “तुह्या मोबाईललेच क्वारंटाईन केलं का?” मीही हसले. काकू ओट्यावर बसून माझ्या आईनं पाठवलेला काढा पीत होती.

शुक्रवारी तिला दोन शब्दांमध्येही श्वास पुरेना. जीपमधून नेलं. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस आधी आणायला हवं होतं. रविवारी प्रज्वल एकटाच परतला, आईच्या चपला पिशवीत घेऊन.

गल्लीला दोष द्यायला माणूस हवं होतं. ते कलाबाई झाल्या. “रिपोर्ट खाल्ला तिनं,” बाया नळावर म्हणायच्या आणि त्यांचा हंडा मागं सारायच्या. त्या ऑक्सिमीटर घेऊन आल्या की दारं लागायची. एक दिवस माझ्याकडं आल्या. उन्हानं तोंड करपलेलं.

“वरून यादी उशिरा येऊन राह्यली होती, बाई. मी किती फोन लावले! तुह्या मोबाईलवर तं नोता आला ना?”

मी मान हलवली. कुठल्या बाजूनं, ते मला आजही धड सांगता येणार नाही. त्या मात्र ‘नाही’ समजून उठल्या. पाणीसुद्धा न पिता.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी प्रज्वल आला. डोक्याचं मुंडण, हातात कोरा कागद.

“तक्रार लिहून दे. कलाबाईले कामावरून काढल्याशिवाय मी गप बसत नाई. तुह्यं अक्षर चांगलं हाय.”

मी लिहू लागले. महोदय. गाव. तारीख. आईचं नाव. तो सांगत होता, मी उतरवत होते. ‘सदर आशा कार्यकर्तीच्या हलगर्जीपणामुळे माझ्या आईचा अहवाल आम्हाला अखेरपर्यंत—’

पेन थांबला.

“मिळालाच नाही. लिही न. काऊन थांबली?”

त्याचे डोळे कोरडे होते. दहा दिवस तो एका नावावर राग धरून उभा होता, आणि ते नाव चुकीचं होतं.

“कलाबाईचं नाव नको घेऊ, प्रज्वल.”

“काऊन?”

“रिपोर्ट आला होता. मंगळवारीच, दुपारी. माह्या मोबाईलवर. म्या लपवला.”