पाण्याची बालदी, उदकाची बालदी

मी एक जुनी बालदी आहे. बादली नव्हे, बालदी. मित्रांनो, तुमच्या पुस्तकात बादली असते हे मला ठाऊक आहे. पण मी पेडणे तालुक्यातली. पोर्तुगीज गेले तरी आमच्याकडे बालदी राहिली. आता माझ्या बुडाला तीन भोके आहेत, पोटात माती आहे आणि मातीत अबोली आहे. पाणी भरण्याच्या कामातून मी निवृत्त झाले आहे. मात्र शर्यतीत धावलेली दुसरी बालदी माझ्या तरी ऐकिवात नाही, हे मी नम्रपणे सांगते. नम्रपणा सोडला तर माझ्याकडे आता फारसे काही उरलेलेही नाही.

म्हापशाच्या बाजारात एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवले. पावसाळ्यापूर्वी घरात मीठ, मिरची, सुके बांगडे भरून ठेवायच्या खरेदीला आमच्याकडे पुरुमेत म्हणतात. त्या पुरुमेतात सुके बांगडे खाली आणि मी वर, अशी मी विनोदिनीबाईंच्या घरी आले. पहिले दोन महिने माझ्यातून काढलेल्या पाण्याला बांगड्यांचा वास येई. पण "बालदी बरी जड आसा गो," असे शेजारणींनी माझे कौतुक केले. बालदीला एवढे पुरते.

विनोदिनीबाईंचे यजमान कृष्णनाथ शिरगावच्या लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवत. माणूस सोन्यासारखा, फक्त कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत नेण्याची त्यांना सवय नव्हती. विहीर खणायला घेतली, ती गुडघाभर खोल झाली आणि तिथे कोंबड्या बसू लागल्या. हार्मोनियम शिकले, ते 'सा रे ग' पर्यंत. न्हाणी बांधायला घेतली, तिच्या तीन भिंती झाल्या. चौथ्या भिंतीचा पहिला चिरा लावताना त्यांनी मला पालथे घातले आणि माझ्यावर उभे राहिले. मी जरा हलले. ते पडले. माझ्या कुशीला खळगा पडला तो आजही आहे, आणि भिंत राहिली ती राहिलीच. तिच्या जागी ट्रकची ताडपत्री आली. वारा सुटला की ताडपत्री उडे, आणि आत विनोदिनीबाई मोठमोठ्याने खोकत राहत, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाने तोंड फिरवावे. अशा रीतीने तब्येत ठणठणीत असताना त्या नऊ वर्षे खोकल्या. वाड्यावर कृष्णनाथांना सगळे 'अर्धवट' म्हणत. हे नाव घरातूनच बाहेर गेले होते.

मग गोवा घटकराज्य झाले. त्याला वर्ष पुरे होणार म्हणून तालुक्यात एक समिती बसली आणि तिने ठरवले की मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी हळर्णच्या किल्ल्यापासून तुयेच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत हाफ मॅरेथॉन घ्यायची, स्कूटरवर मोजून एकवीस किलोमीटर. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतला कुत्राही कूस बदलताना विचार करतो. पण समितीला धावायचे नव्हते.

कृष्णनाथांनी नाव घातले.

"धांवतले म्हणे!" विनोदिनीबाई न्हाणीच्या ताडपत्रीआडून हसल्या. "चार चिरे रचताना पांय कापतत तुमचे."

"पुरो धांवन दाखयतंय."

"हाफ आसा तो. पुरो केलास तरी हाफच!"

शेवटी पैज लागली. धाव पुरी केली तर विनोदिनीबाई जन्मात पुन्हा 'अर्धवट' म्हणणार नाहीत, आणि दुसऱ्यांनाही म्हणू देणार नाहीत. नाही केली, तर पावसाआधी भिंत. कोणतीही सबब चालणार नाही. आणि हरलेल्याने हसतमुख राहायचे.

कृष्णनाथ महिनाभर खाणीवर ट्रकभोवती फेऱ्या मारत आणि लाल होऊन घरी येत. त्यांचे कापडी बूट दोन बोटे मोठे होते. पुढे कागद कोंबावा लागे. समितीतली हवा पाहून त्यांनी एका बुटात मराठी वर्तमानपत्र घातले आणि दुसऱ्यात कोंकणी.

कारण गोव्याची भाषा कोणती, यावर समितीत भांडण होते. पांडुरंग मास्तर मराठीचे, हॉटेलवाले बाबुराव कोंकणीचे. मास्तर घरी गेले की पाणी मागताना "उदक हाड गो" म्हणत, आणि बाबुराव पहाटे उठून मराठी अभंग म्हणत, पण ते घरी. सोळाव्या किलोमीटरवर, आमच्याच घरासमोर काजूच्या झाडाखाली, धावणाऱ्यांना पाणी द्यायचे होते. पाटीवर काय लिहायचे, 'पाणी' की 'उदक', यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत तोडगा निघाला: दोन बालद्या ठेवायच्या. माझ्या पोटावर खडूने 'पाणी' लिहिले गेले. शेजारी तुयेची एक निळी प्लॅस्टिकची बालदी ठेवली, तिच्यावर 'उदक'. दोघींत पाणी एकाच विहिरीचे. तीही अर्थात शेजाऱ्यांची. आमची तुम्हाला माहीतच आहे.

शर्यत सकाळी सहाला सुटायची होती. भाषणे दोन भाषांत झाल्यामुळे ती साडेआठला सुटली. हवा ओल्या गोणपाटासारखी अंगावर बसली होती. पान हलत नव्हते. घाम येई, पण वाळायला त्याला जागा मिळेना. माझ्याही अंगाला बाहेरून पाणी सुटले होते. लोकांना वाटले मी गळते. मित्रांनो, ते फार लागले मला.

पहिला धावणारा आला. माझ्यामागे मास्तर वही घेऊन उभे, निळीमागे बाबुराव वही घेऊन. कोण काय पितो याची नोंद चालली होती. तो सरकारी कचेरीतला कारकून होता. त्याने पाण्याकडे पाहिले, उदकाकडे पाहिले, बढतीचा विचार केला आणि तहानलेला पुढे निघून गेला. दुसऱ्याने दोन्हींकडून एकेक पेला घेतला, तेव्हा दोन्ही वह्यांत त्याचे नाव चढले. तिसरा लांबूनच ओरडला, "नारळ आसा काय? तेच्यार कोणी कायच लिवलेला नाय!" बाकीचे मान खाली घालून गेले. आम्ही दोघी काठोकाठ भरलेल्या आणि माणसे कोरडी पडून पुढे चाललेली. एवढी वर्षे नोकरी केली, असा अपमान मी पाहिला नव्हता.

सगळ्यांच्या शेवटी कृष्णनाथ आले. चेहरा शिरगावच्या मातीच्या रंगाचा. काजूखाली आले आणि रस्त्यावर बसले.

"पाणी घे, कृष्णनाथा!" मास्तरांनी पेला पुढे केला.

"उदक घे रे!" बाबुरावांनी दुसरा केला.

मास्तरांनी कृष्णनाथांना अक्षरे शिकवली होती. बाबुराव त्यांचे सख्खे मावसभाऊ. कृष्णनाथांनी तोंड उघडले, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि तोंड मिटले. डोळेही मिटू लागले.

विनोदिनीबाई पेले विसळत होत्या. त्यांनी काही न करता नुसते बसून राहायचे होते. आणखी पाच मिनिटे कृष्णनाथ तिथे बसले असते, तर पावसाआधी चौथी भिंत त्यांची होती. नऊ वर्षांचा खोकला थांबला असता. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी ताडपत्रीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

मग त्या उठल्या. माझ्यातले अर्धे पाणी त्यांनी कृष्णनाथांच्या डोक्यावर ओतले. निळी बालदी उचलली आणि मी काठावरून वाहेपर्यंत माझ्यात ओतली.

"अगो, अगो! कितां केलंस?" दोघे एकदम ओरडले.

"आता ह्यातला पाणी खंयचा आणि उदक खंयचा, तां वेगळा करून दाखवा माका. तवसर माझो घोव मरान जायत!"

दोन्ही वह्या मिटल्या. कृष्णनाथ माझ्यातून तीन पेले प्यायले.

"उठा," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"उठतंय. पण तू हरतलंस गो."

"हरांदे. उठा आधी!"

त्यांनी पदर खोचला, मला हातात घेतले आणि नवऱ्याबरोबर निघाल्या. माझी कडी कुंई कुंई वाजत होती. दर फर्लांगाला एक पेला पोटात, एक डोक्यावर. वाटेतल्या लोकांना वाटले, कुठेतरी आग लागली आहे. दोघे जण मदतीला घागर घेऊन मागे धावलेसुद्धा.

तुयेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा कमान उतरवली होती आणि समिती भाजी-पाव खात होती. वेळ लिहिणारे भिकाजी तेवढे पेन उघडे ठेवून बसले होते. "कृष्णनाथ इलो! लिहितंय, शेवटचो!"

कृष्णनाथ थांबले नाहीत.

"अरे, खंय चल्लंस? सोंपली शर्यत!"

"वीसच जाले," कृष्णनाथ धापा टाकत म्हणाले. "रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड मोजीत इलंय मी."

"स्कूटरीचो मीटर एकवीस दाखयता!"

"स्कूटर बाबुरावाची. ती सगळाच वाढवन सांगता."

आणि ते वसाहतीला फेरी घालायला एकटे निघाले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण हातात पाव होते. विनोदिनीबाईंनी मला पालथे घातले आणि माझ्यावर बसल्या. त्यांची बोटे माझ्या खळग्यावर फिरत होती. बऱ्याच वेळाने कोपऱ्यावरून एक लाल माणूस लंगडत येताना दिसला. तो आला, वाकला आणि त्याने मला हात लावला. त्याच्यापुरती शेवटची रेघ मीच होते.

विनोदिनीबाईंना काहीतरी म्हणायचे होते. नेहमीचा शब्द आता वापरता येत नव्हता.

"पुरो," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आमच्याकडे 'पुरो' म्हणजे बस झाले. आणि 'पुरो' म्हणजे पूर्ण झालेलाही. त्यांनी कोणता म्हटला, हे कृष्णनाथांनी विचारले नाही. त्यांनी त्यांना हवा तो घेतला.

पुढच्या रविवारी, पैज जिंकलेली असताना, त्यांनी चिरे आणले आणि मला पालथे घालून माझ्यावर उभे राहिले. या वेळी मी श्वास रोखून धरला. भिंत पावसाआधी झाली आणि विनोदिनीबाईंचा खोकला एका दिवसात बरा झाला. दार मात्र अजून व्हायचे आहे. तिथे ती ताडपत्री आहे. पण 'अर्धवट' हा शब्द त्या घरात पुन्हा कोणी उच्चारला नाही. दार 'चालू आहे' असे म्हणतात.

माझे सांगणे एवढेच. बालदी ओली ठेवू नका, गंजते. तिच्यावर उभे राहायचेच असेल तर आधी तिला विचारा. आणि दारात कोणी घामाने निथळत आला, तर आधी पेला भरून द्या. त्याला काय म्हणायचे ते तो पिऊन झाल्यावर सांगेल.