एकविसावा दिवस

इंग्रज माणसाला एखाद्याला नोकरीवरून काढायचं असलं, तरी त्या माणसाला वाईट वाटू नये अशी त्याची फार इच्छा असते. जर्मन कायद्याला कुणाच्या वाटण्याशी काही देणंघेणं नाही. त्याला कागद लागतो, कागदावर शाईची सही लागते आणि तारीख लागते. या दोघांच्या मधोमध बसून मी सतरा वर्षं पोट भरते आहे. ज्या ब्रिटिश कंपन्यांची माणसं जर्मनीत कामाला आहेत, त्यांना आमचं ड्युसेलडॉर्फमधलं छोटंसं ऑफिस सल्ला देतं: माणूस कसा घ्यावा, कसा वागवावा, कसा काढावा. फोन मात्र सगळे तिसऱ्या गोष्टीसाठीच येतात.

आमच्या इमारतीतल्या मराठी मंडळींना मी भाषांतराचं काम करते असं सांगून ठेवलं होतं. नाहीतर दर पाडव्याला कुणाचा ना कुणाचा करारनामा माझ्या ताटाशेजारी येऊन पडला असता.

वरच्या मजल्यावर हृषिकेश राहायचा. मूळचा सांगलीचा, मेकॅनिकल इंजिनिअर. बायको ऊर्मिला आणि सहा वर्षांची ईप्सिता, जिला मराठी सगळं कळायचं पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. माझं मनगट मोडलं होतं तेव्हा दीड महिना माझा केर यानेच खाली नेला, तोही जर्मन शिस्तीत चार डब्यांत वेगळा करून. मी एकटी बाई, लोक माझ्याशी जपूनच वागतात. हा नाही वागायचा. सरळ बेल वाजवून विचारायचा, "ताई, चहा टाकताय ना?"

२०१५च्या मार्चमधली गोष्ट. तीन तारखेला, मंगळवारी, त्याला क्युंडिगुंग मिळालं. म्हणजे कामावरून कमी केल्याचं पत्र. संध्याकाळी जिन्यात भेटला तेव्हा पाकीट हातातच होतं. त्याचा विभाग इंग्लंडला हलवणार होते. एप्रिलअखेर नोकरी संपणार.

"आणखी तीन महिने मिळाले असते ना ताई, तर कायम राहायचं परमिट झालं असतं," तो म्हणाला. "आत्ता सगळं या नोकरीवरच आहे. ऑगस्टमध्ये ईप्सूची शाळा सुरू होतेय. ऊर्मिलाने तिची शूलट्यूटे पण आणून ठेवलीय." शाळेच्या पहिल्या दिवशी इथली मुलं खाऊने भरलेला जो मोठा कागदी शंकू मिरवतात, तो.

मी कंपनीचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. आमचेच अशील. दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्या मनुष्यबळ विभागातल्या बाईंना फोनवर सगळं मीच समजावलं होतं. त्यांनी नाव घेतलं नव्हतं, नुसतं "एक इंजिनिअर" म्हणाल्या होत्या, आणि मीही विचारलं नव्हतं. नाव न विचारणं हा आमच्या धंद्यातला शहाणपणा.

पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात तक्रार नोंदवली, तर सहसा कंपनी तडजोडीला येते आणि नोकरीची शेवटची तारीख काही महिने पुढे जाते. वकीलसुद्धा लागत नाही. कोर्टात जाऊन तोंडी सांगितलं तरी तिथला कारकून लिहून घेतो. तीन आठवडे उलटले की पत्र कितीही चुकीचं असो, बरोबर ठरतं. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. माझ्या स्वतःच्या करारात मात्र एक कलम आहे: अशिलाचं प्रकरण बाहेर बोलायचं नाही.

"एखाद्या वकिलाला विचारून बघ की," मी म्हणाले. तारीख सांगितली नाही.

"छे हो ताई! साहेबांवर केस करू? त्यांनी मला इथे आणलं, घर मिळेपर्यंत स्वतःकडे ठेवून घेतलं. मी त्यांना नीट मेल लिहितो. समजून घेतील ते."

त्या दिवसापासून मी दिवस मोजत होते. पाडवा शनिवारी आला. त्यांच्याकडे श्रीखंड-पुरी होती आणि मी डोकं दुखतंय सांगून गेले नाही. ऊर्मिलाने वाटी खाली पाठवली. ती संपवली मी, लाज कुठे होती!

चोवीस तारखेला, मंगळवारी सकाळी, मी ऑफिसला निघाले तर हा दारात उभा. चेहरा उजळलेला.

"ताई, साहेबांचं उत्तर आलं! हे बघा." त्याने फोन पुढे केला. "आता जरा जिवात जीव आला."

मी वाचलं. 'तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलं आहे. त्याचा आम्ही मनापासून विचार करू आणि लवकरच तुमच्याशी बोलू.' इंग्रजीत ते फार गोड वाटतं. वाटणारच, ते मी लिहिलेलं आहे. काढलेला माणूस विनवणी करू लागला तर काय उत्तर द्यावं, याचा नमुना चार वर्षांपूर्वी मीच तयार केला होता. माणूस शांत राहतो, वाट बघतो, आणि कशाचंही वचन दिलेलं नसतं. त्याबद्दल आमच्या ऑफिसच्या साहेबांनी माझं कौतुक केलं होतं.

"चांगलं आहे ना? तुम्हाला इंग्लिश जास्त कळतं."

तो एकविसावा दिवस होता. दिवस मावळायचा होता, कोर्ट ट्रामने वीस मिनिटांवर होतं. 'हृषिकेश, आत्ताच्या आत्ता कोट घाल,' एवढंच म्हणायचं होतं मला. मी त्रेपन्न वर्षांची होते. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार, हे माझ्या डोक्यात त्याच्याआधी आलं. त्याच्याआधी! हे मी कधीच विसरणार नाही.

"छान आहे," मी म्हणाले.

दुपारी राहवेना म्हणून त्यांच्या घरी फोन लावला. ऊर्मिलाने उचलला. आवाजात तीन आठवड्यांनी पहिल्यांदा हसू होतं. "ताई, आज हा पोटभर जेवला हो!" मी तिला विचारलं, वाटी परत करायची राहिलीय, संध्याकाळी आणून देऊ का? आणि फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी साहेबांचं दुसरं पत्र आलं. खेद वाटतो, नाइलाज आहे. तेही नमुन्यातलंच होतं.

नवी नोकरी शोधायला सरकारने तीन महिने दिले. हृषिकेशने एर्लांगेनपासून बाड हॉम्बुर्गपर्यंत मुलाखती दिल्या. सगळीकडे चांगलं बोलले, घेतलं कुणीच नाही. जुलैअखेर खोकी जिन्यात येऊन बसली.

निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे चहाला आला. कप हातात घेऊन बसला.

"परदेशी नागरिकांच्या ऑफिसातली बाई आज म्हणाली, कोर्टात का नाही गेलात? तीन आठवडे होते म्हणे. आल्झो, म्हणजे गेलो असतो तर थांबता आलं असतं कदाचित. मी आपला मेलची वाट बघत बसलो, मूर्खासारखा." त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला ठाऊक होतं का हो हे?"

वर ऊर्मिला खोक्यांना चिकटपट्टी लावत होती, तो आवाज खाली येत होता.

मग तोच ओशाळला. कप खाली ठेवून त्याने माझ्या हातावर हात ठेवला.

"सॉरी ताई, काय विचारतोय मी. तुम्हाला ठाऊक असतं तर मला हाताला धरून घेऊन गेला असतात."

"हो रे," मी म्हणाले. "नेलं असतं."