चहाला सही हवी

हॉस्पिटलात म्हाताऱ्या मर्व टकवेलच्या उशाशी भिंतीवर चिकटवलेला पिवळा कागद निरिडाचाच होता. ‘फक्त दाट केलेलं पाणी. चहा, बिअर नाही.’ खाली तिची सही.

निरिडा स्पीच थेरपिस्ट. लोकांना वाटतं, ही बाई बोबड्या पोरांना बोलायला शिकवते. पण बूंडारीच्या चिमुकल्या हॉस्पिटलात तिचं काम म्हाताऱ्यांच्या घशाचं. कुणाला काय गिळता येईल, ते तिनं ठरवायचं. चार गावांना मिळून ती एकटी, आणि बूंडारीचा वार बुधवार. तिचा कागद तिनंच काढायचा, असा तिथला रिवाज. डॉक्टरसुद्धा त्याला हात लावत नसत.

गेल्या बुधवारी पाणी पिताना मर्वला ठसका लागला. पातळ काही श्वासनळीत जाऊ नये, म्हणून तिनं तो कागद लावला. गुरुवारी डॉक्टर म्हणाले, चार दिवसांचा सोबती आहे, आता हवं ते द्या. त्याला हवा होता चहा. दूध घातलेला, दोन चमचे साखरेचा. मिळाला तो चमच्यानं भरवलेला खळीसारखा लगदा. त्यानं तो थुंकून टाकला.

आज, बुधवारी, निरिडानं फाइलमधली डॉक्टरांची नोंद वाचली.

“रेलीन, फोन का नाही केलास?” तिनं नर्सला विचारलं.

“केला की! शुक्रवारी. तुझं ऑफिस म्हणालं, येईलच बुधवारी. तुझ्या सहीशिवाय पाजलं आणि तो गुदमरला, तर नोकरी माझी गेली असती, बाई.”

निरिडानं कागद ओरबाडून काढला. मर्वच्या बायकोनं, डल्सीनं, थर्मासमधला चहा त्याच्या ओठांना लावला. तो कोपऱ्यातून उशीवर ओघळला. मर्वला गिळताच येत नव्हतं आता. बैल गेला नि झोपा केला. निरिडाला स्वतःचीच लाज वाटली.

“मला भीती होती,” ती म्हणाली, “चहा छातीत गेला असता, तर जीव गेला असता त्यांचा.”

“जीव जातच होता की गं पोरी!” डल्सी त्याची हनुवटी पुसत म्हणाली. “सहा दिवस तो चहा मागत होता. आणि त्रेपन्न वर्षं त्याच्याशी संसार केलेली मी, मांडीवर थर्मास घेऊन नाही म्हणत होते. तुझा कागद त्याला कुठला दिसतोय? त्याला वाटलं, मीच देत नाहीये.”