पंचाहत्तरच्या आतल्या लाटा

“आज तरी फूटपट्टी खाली ठेवा. घरचं माणूस आहे,” सिस्टर म्हणाली. त्याने ठेवली नाही.

झोप तपासायच्या त्या विभागात त्याच्या पाठीमागे सगळे त्याला फूटपट्टीच म्हणत. रात्री पेशंटच्या डोक्याला वायरी चिकटवायच्या आणि सकाळी मेंदूच्या लाटा वाचायच्या, हे त्याचं एकवीस वर्षांचं काम. तीस सेकंदांचं एक पान. झोप गाढ झाली की मेंदू घाई सोडतो. बारीक खरडीच्या जागी संथ, उंच लाटा येतात. त्या पंचाहत्तर मायक्रोव्होल्ट भरल्या आणि पानातले सहा सेकंद तरी टिकल्या, तरच ते पान गाढ झोपेचं. चौऱ्याहत्तरला माफी नाही. एका आजोबांनी काकुळतीने विचारलं होतं, की मग माझी एवढी रात्र गेली कुठे? ‘वय झालं की लाटा बुटक्या होतात,’ एवढं सांगून हा चहाला गेला होता.

आज समोर बायकोची रात्र होती.

त्याची आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. बायको तिच्या शेजारी झोपे. हा रात्रपाळीला, पाळी नसेल तेव्हा बाहेरच्या खोलीत, कारण त्याला पुरी झोप हवी असे. आईला जाऊन दोन वर्षं झाली, तरी बायकोचं एकच पालुपद, झोप लागत नाही. हा म्हणे, बाहेरच्या खोलीपर्यंत घोरणं ऐकू येतं. शेवटी ती म्हणाली, “जगाची झोप मोजता ना? एकदा माझी मोजा. खोटी ठरले तर पुन्हा ब्र काढणार नाही.”

तो जिंकायलाच बसला होता.

पहिल्या तासात लाटा उठू लागल्या. चाळीस, साठ, बहात्तर. आता भरणार, तोच बाराच्या ठोक्याला सगळं मोडलं. जाग. पुन्हा तीच चढण, दोनला जाग. चारला जाग. खोलीत काही वाजतं की काय, म्हणून त्याने कॅमेऱ्याचं चित्रण लावलं.

बायकोचे डोळे मिटलेलेच होते. डावा हात खाटेबाहेर गेला, हवेतच काहीतरी हलकेच पलीकडे वळवलं, दोनदा थोपटलं आणि परत आला. दोनलाही तेच. चारलाही.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आईची कूस दर दोन तासांनी बदलावी लागे. नऊ वर्षांत एक जखम झाली नाही. ‘आमच्याकडे व्यवस्था चोख आहे,’ असं नातेवाइकांना सांगायला मात्र हा पुढे असे.

“त्या बहात्तरला गाढ झोपेचं एखादं पान द्या की,” सिस्टर हळूच म्हणाली.

त्याने लिहिलं : गाढ झोप, शून्य.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “काय निघालं? घोरते ना?”

“नाही गं. खरं बोलत होतीस.”

ती नुसतं ‘बरं’ म्हणाली आणि भांडी आवरू लागली.

त्या रात्री त्याने आपली गादी आत आणली, आईची खाट असायची त्या जागी घातली.

“हे काय आता?”

“बाहेर वारा लागत नाही.”

“अकरा वर्षं लागत होता.”

बारा वाजता तिचा हात आला. खांदा लागल्यावर जरासा थांबला. मग सरावाने तिने त्याला भिंतीकडे कुशीवर वळवलं, स्वतःची उशी काढून त्याच्या पाठीला लावली, दोनदा थोपटलं.

“झोपा, आई.”

तो तसाच निमूट पडून राहिला, दोन वाजायची वाट बघत.