लाल उजेड

तिने तबकडीतल्या खळग्यांच्या एका ओळीतल्या पेशी मुद्दाम मारल्या. रंगाची नवी बाटली आली होती आणि तो रंग नीट चालतो का, एवढंच बघायचं होतं. फुफ्फुसाच्या पेशी, त्यांवर अल्कोहोल, मग रंग. मेलेल्या पेशीत हा रंग शिरतो आणि यंत्राखाली लाल उजेड देतो. जिवंत पेशी त्याला दारातच अडवते. शेवटच्या काही खळग्यांत नुसत्या पाण्याऐवजी तिच्या हातून भावाने बनवलेली भुकटी कालवलेलं पाणी पडलं. पडू दे, म्हणाली, मेलेल्यांना काय फरक पडणार.

यंत्राने ओळ वाचली. सगळीकडे लाल, आणि ते शेवटचे खळगे काळेकुट्ट.

"अगं बाई, मेल्यात ना या?" ती मोठ्याने म्हणाली. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं.

तिने पुन्हा करून बघितलं. पुन्हा काळं. तेव्हा मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं.

भुकटी म्हणजे कार्बनच्या नळ्या, डोळ्याला दिसणारही नाहीत इतक्या बारीक. गोंदात किंवा रंगात मिसळल्या की वस्तू हलकी राहून मजबूत होते. पण उघड्या नळ्या एकमेकींना धरून बसतात. पिठात पाणी एकदम ओतावं तशा गुठळ्या होतात. म्हणून त्यांना लेप द्यायचा. साबणाच्या पाण्यात हलवून हलवून सुट्या करायच्या, मग प्रत्येकीवर प्लास्टिकचा पातळ थर चढवायचा. ते काम खालच्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ करायचा. वरच्या मजल्यावर ती तपासायची, की ही भुकटी श्वासातून गेली तर फुफ्फुसाला बाधते का.

आधीच्या तपासणीत उघड्या नळ्यांनी लाल दाखवलं होतं, म्हणजे पेशी मेल्या होत्या. लेपाच्या नळ्यांनी काहीच नाही. तिने तसा अहवाल दिला, मालक खूश झाले, आणि लेप दिलेल्या मालाजवळ मास्क लावण्याची सक्ती उठली. त्या दिवशी भावाने सगळ्यांसमोर कमरेत वाकून मुजरा केला होता.

"ताई, तू म्हणशील ती पूर्व दिशा!" असं म्हणून त्याने आपला मास्क कचऱ्याच्या डब्यात भिरकावला, आणि पॅकिंगच्या मावशींनी टाळ्या वाजवल्या.

आता तिला सगळं लख्ख कळत होतं. उघड्या नळ्या गुठळ्या होऊन तळाशी बसत, लाल उजेड वर मोकळा राही. लेपाच्या नळ्या पाण्यात एकसारख्या पसरत आणि तो उजेडच गिळून टाकत. भावाने लेप जितका छान दिला, तितकी ती फसली. मेलेल्या पेशींवर भुकटी टाकून आधी बघायचं, ही साधी खबरदारी तिने घेतली नव्हती. नव्या मुली विसरल्या असत्या तर तिने त्यांना फाडून खाल्लं असतं.

ती जिना उतरून खाली आली. भाऊ हात पुसत लेप दिलेला माल वाळवायच्या खोलीतून बाहेर येत होता. चेहरा उघडा.

"तू आत पुन्हा तसा जाऊ नकोस," ती म्हणाली.

"तसा म्हणजे?"

तिने सांगितलं. भराभरा, मध्येच थांबत, एकच गोष्ट दोनदा. "विषारी आहे असं नाही म्हणत मी. बाधत नाही असं मी म्हणाले होते, पण ते मला खरं माहीतच नव्हतं, एवढंच. आणि माझ्या भरवशावर तू महिनोन्महिने..." घरी आई काय म्हणेल, हाच एक विचार तिच्या डोक्यात घुमत होता.

भावाने खोलीचं दार थोडं उघडलं. दारामागच्या खुंटीवर मास्क होता, चांगला जाड, नाकाला घट्ट बसणारा. नवा नव्हता. पट्टे वापरून ढिले झालेले होते.

तिने त्याच्या नाकाकडे बघितलं. नाकावर लाल वळ होता. तो तिने पूर्वीही पाहिला होता, आणि गॉगलचा आहे म्हणून त्याने सांगितलं होतं.

"एक दिवसही काढला नाहीस?"

"अगं, भीती वाटायची. उगाच. बाहेर लावून आलो असतो तर तुझं नाक कापलं गेलं असतं."

जन्मात पहिल्यांदा, भावाने आपलं ऐकलं नाही म्हणून तिला आनंद झाला. इतका, की तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि तिचे डोळे भरून आले. "गाढवा," ती म्हणाली. "गाढवा, बरं केलंस." दोघंही हसली.

मग तिचं हसू जिरलं.

"आणि मावशी?"

तो मास्कचा पट्टा बोटाने सरळ करू लागला.

"त्यांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होतो? तुझा अहवाल होता. माझ्याकडे नुसती भीती."

तिने कपाटातला एक नवा मास्क घेतला आणि पॅकिंगच्या खोलीत गेली. मावशी डब्यांत भुकटी भरत होत्या, तोंड उघडं म्हणून चष्म्याच्या काचा वाफेविना स्वच्छ, तोंडाने गाणं गुणगुणत. त्यांचा जुना मास्क खिळ्याला उलटा टांगलेला होता आणि त्यात डब्यांवर लावायच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या.

"मावशी, काम थांबवा. हा लावा आणि बाहेर चला. माझं चुकलं. ही भुकटी बाधत नाही असं मी म्हणाले, पण माझी तपासणीच चुकीची होती."

मावशींनी चमचा खाली ठेवला. मास्क त्यांनी हातात घेतला, पण लावला नाही. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"माझं राहू द्या हो, माझं वय झालं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "आधी तुमच्या धाकट्या भावाला सांगा. रोज उघड्या तोंडाने येतात इथे, डब्यात वाकून बघतात, म्हणतात, मावशी, बघा, मला काही होतंय का? त्यांच्याकडे बघूनच तर मला धीर आला. पळा, ताई. आधी त्यांना सांगा."