आसरांची पायरी

तुरीची काडी, वीतभरही नाही, आणि तिच्यावर गुंडाळलेला तो पांढरा दोरा, ओला, शिजलेल्या शेवईसारखा, आज एक वेढासुद्धा पुढे सरकला नव्हता. सारजाबाईने घोट्याची चिंधी सोडली, काडीला बोट लावलं, नुसतं लावलं, फिरवलं नाही, तर आतून कुणी तरी धागा आपल्याकडे ओढून घेतला. कुणी तरी म्हणजे कोण... तोच. नारू, पायातला जंत. जोर केला की तुटतो, तुटला की आतल्या आत कुजतो आणि जाताना पाय घेऊन जातो, हे तिला सांगायला कुणी नको होतं. समोर ओसरीत नवरा बसला होता, वैजीनाथ; त्याचा डावा गुडघा तीन वर्षांत वाकला नव्हता. त्याने घाई केली होती.

घाई केली हे तो कबूल करायचा नाही. तो सांगायचा, "माजा नारू काय साधासुदा व्हता व्हय? काढता काढता पार चुडाव्याच्या ठेसनापतोर गेला. तितं गाडी आली अन् इंजनाखाली तुटला. त्यात माजा काय गुन्हा?" माणसं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. निजाम गेला, रझाकार गेले, तर हा म्हणायचा, "पोलीस ॲक्शन झाली हे नारूला कुनी कळीवलंच न्हाई." हसणारे आपापल्या पोटऱ्या चाचपत घरी जायचे.

आणि ही आग! दुपार कलली की पाय निखाऱ्यात रोवून ठेवल्यासारखा होतो, आणि त्यावर औषध एकच, बारव. खाली पाण्याला लागून आसरांची पायरी, कोनाड्यात शेंदूर फासलेले सात दगड, पाण्यातल्या सात बाया. तिथे बसून पाय पाण्यात सोडला की आसरा नारूला ओढून घेतात, हे तिला सासूने सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. महिना झाला, सारजाबाई रोज बसत होती. पाय बुडाला की... काय सांगावं, बाळंतीण पहिल्यांदा पाठ टेकते तसं. घोट्याजवळून दुधाचा थेंब सांडावा तसं काही तरी पांढुरकं पाण्यात विरत जायचं. तिला वाटायचं, दुखणं निघालं.

काल तो सरकारी माणूस आला नसता तर तसंच वाटत राहिलं असतं. त्याने बारवेचं पाणी काचेच्या बाटलीत भरलं, वर भिंग धरलं. "काकू, बघा." पाण्यात पांढरे कण होते. कण कसले, उड्या मारत होते. नारूचा पाय बुडाला की नारूची पिल्लं सुटतात, तो म्हणाला. हे किडे ती पिल्लं गिळतात, आणि हे पाणी माणूस पितो. वर्षभराने त्याच्या पायातून... तो चिंधीकडे बघायचं टाळत होता. "दुहेरी फडक्यातून गाळून प्या. आणि नारू असेल त्याने पाण्यात उतरायचं नाही."

आणि आज तिची लेक दैवशाला ते पाणी पिणार होती.

लेक सातव्या महिन्यात पालमहून माहेरी आली होती. पहिलं पोटातच गेलं तेव्हा तिची सासू म्हणाली होती, माहेरच्या आसरा पुजायच्या राहिल्या असतील. राहिल्याच होत्या. पोटुशीने त्यांची ओटी भरायची, त्यांच्या पायरीवर बसून पाच ओंजळी पाणी प्यायचं, मग बाळ तरतं. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, दहीभात... ताट केव्हाचं तयार होतं.

"माय, चल की. ऊन उतरायलंय."

"बाई... पानी वर आनून, गाळून पेलं तर?"

"गाळून? आसरायचं पानी?" दैवशाला कमरेवर हात ठेवून हसली. "उद्या देवाला आंघोळीचं बी शिकिव. कुनी भरीवलं गं तुज्या डोक्यात?"

"गाळू दे, गाळू दे," वैजीनाथ ओसरीतून म्हणाला. "फडक्यात एखादी आसरा घावली तर मला ठिवा. हिच्यापरीस बरं रांधंल."

लेक पोट धरून हसली. सारजाबाईलाही हसू येऊ घातलं... आणि तिथेच थिजलं, कारण त्या अकडलेल्या गुडघ्याकडे तिची नजर गेली. त्याला नारू निघाला त्याच्या आदल्या वैशाखात पायरीवर कोण बसलं होतं? तिचा पहिला नारू होता तो. त्या वेळी तीच तर पाय सोडून बसली होती. वरच्या पायरीवरून तो वाकून ओंजळीने पीत होता आणि म्हणत होता, लय गोड लागायलंय.

सांगावं. एवढंच सांगावं, की दैवशाले, त्या पाण्यात मी हाय. महिनाभर मी तिथं सांडायले. पुढच्या वैशाखात तू पाय पसरून बसशील, मांडीवर लेकरू, आणि लेकराला काय कळतंय, ते दोरा दिसला की ओढणार... पण सांगितलं आणि आसरा राहिल्या, आणि हेही गेलं तर? तेव्हा पालमची सासू कुणाचं नाव घेईल? सासूचं जाऊ दे. मी कुणाचं घेईन? सरकारी माणसाचं भिंग तेव्हा कुठं असेल...

"दुखायलंय तर तू बस घरी," दैवशालाने ताट उचललं. "मी येते जाऊन."

ती उंबऱ्याबाहेर पडली तशी आग पोटरीतून मांडीपर्यंत चढली.

"थांब गं. मीबी येते."

अडवायला चाललेय, सारजाबाई स्वतःला म्हणाली. पायरीच्या आधी गाठेन आणि सांगेन. सकाळपासून जमिनीला न टेकलेला पाय आता झपझप पडत होता, लेकीपेक्षा लवकर. बारव अजून दिसतही नव्हती आणि तिच्या अंगावर गारव्याचा शहारा आला होता. अडवायलाच चाललेय... मग ही तहान कुणाला लागलीय? तिने विचारलं, आणि आत, घोट्यापाशी, काही तरी उत्तर दिल्यासारखं हललं. समोर लेकीची पाठ होती. हाक ओठांवर होती. प्रत्येक पावलाला वाटत होतं, पुढच्या पावलाला मारू.