पट्टराणीचा चीक

पट्टराणीच्या दुधावर साय इतकी दाट यायची की मांजर पातेल्याच्या या काठावरून त्या काठावर चालत जाई आणि त्याचे पाय कोरडे राहत. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी मांजराला विचारावं. पण ते साय खाऊन एवढं जड झालं की पत्र्यावरून उडी मारायला गेलं आणि पत्रा घेऊनच खाली आलं. तेव्हापासून ते फारसं कुणाशी बोलत नाही.

अशी म्हैस दावणीला असली की माणसाचं नाक जरा वर जाणारच. माईंचं तर एवढं वर गेलं होतं की त्यांच्याशी बोलणारा आपण नाकपुड्यांशीच बोलतोय असं समजे. गोठा माईंचा. कागदोपत्री तो त्यांच्या यजमानांचा, अप्पांचा. पण अप्पांच्या नावावर गोठा आणि हातात बादली, ही वाटणी लग्नापासूनचीच.

माईंची एक रीत होती. पट्टराणी व्याली की पहिल्या दिवसाचा चीक, तो हळदीसारखा पिवळा, बोटाला चिकटणारा, माई बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवून देत. पुढे गोठ्यात कुठलीही म्हैस व्याली की रेडकाच्या तोंडात पहिली बाटली पट्टराणीच्या चिकाची. सख्ख्या आईचं दूध त्यानंतर. "रंग आईचा घेऊ दे, गुण राणीचा उतरला पाहिजे," असं त्या म्हणत. आणि उतरायचाही. गोठ्यातली एकूण एक तरुण म्हैस त्या बाटलीवर पोसलेली होती.

मग पट्टराणीचा डावा डोळा बाहेर येऊ लागला.

आधी वाटलं, वैरणीची काडी लागली असेल. पण डोळा पुढे पुढे येतच राहिला, जणू आत कुणी बसलंय आणि दार ढकलतंय. खांद्यापुढे गाठी आल्या, जबड्याखाली आल्या. खाणं सुटलं. माई गव्हाणीकडे गेल्या की तो डोळा त्यांच्यावर, मागे शेण ओढायला गेल्या तरी त्यांच्यावर.

"अगं, म्हैस आहे ती. तिला दोन्हीकडचं दिसतंच," अप्पा म्हणाले.

"मग तुमच्याकडे का बघत नाही?"

"माझ्याकडे या घरात कोण बघतं?"

एरवी यावर माईंनी अप्पांची सालटी काढली असती. त्या दिवशी त्या पट्टराणीपुढची न खाल्लेली वैरण उचलायला वळल्या, आणि अप्पांच्या हातातली बादली हवेतच थांबली.

पट्टराणी गेली. जनावरांच्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरीणबाई आली, तिनं गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत म्हशीचं पोट उघडलं. माईंना लांब थांबायला सांगितलं होतं, म्हणून त्या अगदी खेटून उभ्या राहिल्या. आतून गाठी निघाल्या, कोबीच्या गड्ड्यांएवढ्या. कापल्या की आत फिकट, मऊ. हृदयावरसुद्धा पांढरट पट्टे.

"लिम्फोमा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "अंगात ज्या गाठी रोगाशी लढायला असतात ना, त्यांचाच कॅन्सर."

"कशानं झाला? मध्यंतरी पेंडीला बुरशी आली होती. पलीकडच्या मळ्यात फवारणीही सारखी चालते."

"असेलही. वय असेल, बुरशी असेल, औषधं असतील. म्हशींना नेमका कशानं होतो हे छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, माई. गायींमध्ये एक विषाणू आहे. एकच सुई सगळ्यांना टोचली तर रक्तातून पसरतो. दुधातून, चिकातूनही वासराला जाऊ शकतो. म्हशींमध्ये तो कितपत होतो, यावर वाद आहे. हिचं रक्त मी आधीच घेऊन ठेवलंय. बाकीच्यांचंही घेते."

"चिकातून," माई म्हणाल्या.

"हो, पण तिच्या स्वतःच्या रेडकांना. तिची किती पोरं आहेत इथे?"

माईंनी गोठ्याकडे पाहिलं. दावणीला ओळीनं काळ्या पाठी, काळी शिंगं, रवंथ करणारी तोंडं.

"सगळीच," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईला ते समजावून सांगायला त्यांना बराच वेळ लागला. ऐकता ऐकता ती हातमोजे काढायचं विसरली.

"आम्हीही तिचंच दूध प्यायलो, बाई."

"उकळून ना? मग काळजी करू नका. माणसाला होतो असं सिद्ध झालेलं नाही."

"म्हणजे होत नाही?"

डॉक्टरीणबाई क्षणभर थांबली, मग म्हणाली, "म्हणजे सिद्ध झालेलं नाही." बाकी सगळं बोलणं माई विसरल्या, तो क्षणभराचा थांबा तेवढा घरी घेऊन आल्या.

फ्रीजरमधल्या उरलेल्या बाटल्या त्यांनी स्वतः खड्डा खणून चुन्यात पुरल्या. त्या दिवसापासून त्यांच्या बोटांना एकच चाळा लागला. धार काढण्याआधी जबड्याखाली चाचपायचं, मग खांद्यापुढे, मग मांडीपुढच्या सैल कातडीत. एका जागी काही टणक लागलं की माई तिथले केस बाजूला सारून बघायच्या, मग कळायचं की गोचीड आहे. गोचीड सापडल्यावर एवढा आनंद झालेली बाई जगाच्या पाठीवर दुसरी नसेल. म्हशी संपल्या की अप्पांची पाळी.

"काय चाचपतेस?"

"हनुवटी वर करा. हे काय आहे?"

"कंठमणी आहे तो माझा!"

"मग गिळून दाखवा."

अप्पांनी गिळलं. गाठ वर जाऊन खाली आली. माईंनी त्यांना पुन्हा एकदा गिळायला लावलं.

तपासणीचा निकाल यायच्या आधीच ठकी व्याली.

ठकी गोठ्यातली सगळ्यांत लाडकी, पहिलटकरीण. सकाळची धार आटोपली आणि तिनं पारडी टाकली. ओलीचिंब, लटपटणारी, कपाळावर पांढरा ठिपका. माईंनी तिला पुसलं आणि डॉक्टरीणबाईला फोन लावला.

"निकाल नाही आलेला," ती म्हणाली. "ठकीचं दूध शक्यतो नको. ज्या गोठ्याशी तुमच्या राणीचा काही संबंध आला नाही, तिथला चीक मिळवा. पण दुपारच्या आत पाजा. पहिला चीक पोटात गेला नाही तर साध्या हगवणीनंही रेडकू हातचं जाईल."

"आणि ठकीचाच पाजला तर?"

"तर कदाचित काही वर्षांनी. कदाचित कधीच नाही. मी काय सांगू, माई?"

माईंनी पारडीला उचलून पलीकडच्या खांबाला बांधलं. ठकी दोर ताणून हंबरायला लागली. तिची कास तटतटून आली होती. सडांतून थेंब आपोआप गळत होते, खालच्या फरशीवर पिवळं थारोळं साचत होतं. पारडी मान लांब करून त्या वासाकडे ओढ घेत होती. माईंच्या मनात आलं, सगळ्या जगात आईच्या दुधापासून लेकराला बांधून ठेवणारी आपणच. आणि सोडलं तर? सोडलं तर याही मानेवर एक दिवस बोटं फिरवायची.

रस्त्यापलीकडे पैलवानाचा गोठा. पैलवान म्हणजे कुणी जोरात शिंकलं तर भिंतीचा आधार घेणारा माणूस. त्याची म्हैस आदल्याच दिवशी व्याली होती. पण मागे कधीतरी तो एक बाटली मागायला आला होता, तेव्हा माई म्हणाल्या होत्या, "राणीचा चीक काय रस्त्यावर वाटायला ठेवलाय?" पैलवानानं ते वाक्य इतक्या ठिकाणी सांगितलं होतं की आता ते गावभर सगळ्यांना पाठ होतं.

"या या!" तो म्हणाला. "माई आणि आमच्या दारात? चीक हवाय? आमच्या साध्या म्हशीचा? अहो, तुमच्या राजघराण्याला पचायचा का तो?"

"पैलवान, हात जोडते."

माईंनी खरोखरच हात जोडले. पैलवानाकडे अजून बरीच टोमण्यांची शिदोरी शिल्लक होती, पण ते जोडलेले हात बघून त्यानं ती तशीच बांधून ठेवली. तो मुकाट्यानं आत गेला, धार काढली आणि किटली घेऊन स्वतःच माईंच्या मागोमाग आला.

पारडी बाटलीला लुचायला लागली. शेपटी थरथरत होती. माईंच्या छातीवरचा दगड तसूभर हलला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं तोंड सुटलं. त्यांनी पैलवानाला सगळं सांगितलं. डोळा, गाठी, विषाणू, बाटल्या.

"माझ्या कंजूषपणानं तुमचा गोठा वाचला बघा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बाटली दिली असती तर?"

पैलवान हसला नाही. तो अप्पांकडे बघत होता. अप्पा बादलीचा कान असा निरखून बघत होते, जणू तो आजच बसवलाय.

"अप्पा, तुम्ही सांगा," पैलवान म्हणाला.

"तुम्हीच सांगा."

"काय सांगा?" माईंनी विचारलं.

"तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला गेला होतात ना, माई... माझी तेव्हाची म्हैस व्याली आणि तिथेच मेली. पारडी मागे राहिली, अशीच, हिच्यासारखी. अप्पांनी एक बाटली दिली. एकच हो."

"कुठली पारडी?"

"काल व्याली ती," पैलवान म्हणाला. त्यानं हातातल्या किटलीकडे पाहिलं.

माईंनी बाटली पारडीच्या तोंडातून काढली. ती निम्मी झाली होती. पारडी फेसाळलेलं तोंड उघडून हवेतच चोखत राहिली. अप्पांना बादली फेकून मारावी एवढा राग यायला हवा होता. पण राग आलाच नाही.

"तुमच्या त्या म्हशीचा चीक तुम्ही आजवर कुणाला दिलात, पैलवान?"

"ज्यानं मागितला त्याला दिला! मी काय तुमच्यासारखा आहे?" तो तोऱ्यात म्हणाला आणि म्हणून झाल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याचे ओठ हलायला लागले. तो मनातल्या मनात एकेक गोठा आठवत होता.

ठकी हंबरत होती. तिचा आवाज आता बसत चालला होता.

माई उठल्या. खांबाच्या दोराची गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. त्यांनी ती दातांनी सोडवली.

"अगं, निकाल येऊ दे की," अप्पा म्हणाले.

"यायचा तेव्हा येईल. निम्म्या बाटलीवर ही तोवर टिकायची नाही."

पारडी दोनदा गुडघ्यांवर आपटली आणि तिसऱ्यांदा उठून कासेला भिडली. ठकीचं हंबरणं मधेच तुटलं. तिनं मान वळवून लेकीची पाठ हुंगली, चाटली, पुन्हा हुंगली. गोठ्यात फक्त लुचण्याचा आवाज राहिला.

माई ठकीच्या खांद्याशी उभ्या होत्या. हात सवयीनं मानेवर गेला आणि घसरत खांद्यापुढच्या त्या जागेजवळ आला.

"अहो, तुम्ही बघता का जरा?" त्या म्हणाल्या.

"मला नाही धीर होत," अप्पा म्हणाले.

माईंनी तळहात तिथेच सपाट ठेवला. कातडी ऊबदार होती, आत नाडी उडत होती. बोटं त्यांनी दाबली नाहीत.